मिलिमीटरची रिंग

पंपदुरुस्तीच्या कारखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. टिंगल म्हणूनच पडलेलं नाव, पण त्याला ते पदवीसारखं वाटे. त्याने बसवलेला शाफ्ट हलवायला जावं तर हलायचा नाही आणि फिरवायला जावं तर लोण्यासारखा फिरायचा. सैल काम त्याच्या डोळ्यांत खुपे. घरात दाराची कडी जरा खुळखुळली की हा गृहस्थ घास ताटात ठेवून पाना आणायला उठे आणि बायको कपाळावर हात मारून घेई.

तर अशा माणसाकडे त्याच्या मुलीने बास्केटबॉलची रिंग मागितली. मुलगी घरीदारी भिंगरी म्हणून ओळखली जाई. जन्मल्यापासून एका जागी बसलेली कुणी तिला पाहिली नव्हती. तिच्या शाळेत रिंग नव्हती. मैदान होतं, पण अर्ध्यात गाड्या उभ्या असायच्या. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर सामने पाहून पाहून पोरगी वेडी झाली होती. मिलिमीटरने चेंडू आणला, कॅलिपर लावून मापला, कारखान्यातली उरलेली सळई वाकवली आणि परसातल्या भिंतीवर झकास रिंग ठोकून दिली. चेंडू मधोमध धरला तर चहूबाजूंनी बोटभर फट.

"अहो, जरा मोठी करा की," बायको म्हणाली. "लेकरू आहे ते."

"चेंडू जातोय ना आतून? मग माप बरोबर आहे. ढगळ काम मी करत नाही."

रिंग जमिनीपासून किती उंच हवी, हे त्याने चार जणांना विचारून घेतलं होतं. रुंदीही विचारायची असते, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. भोक म्हटलं की त्यातून जाणाऱ्या वस्तूचं माप घ्यायचं, उभा जन्म त्याने हेच केलं होतं.

त्या दिवसापासून भिंगरीने त्या रिंगशी उभा दावा मांडला. चेंडू कडेला नुसता चाटून गेला तरी बाहेर. कडेवर आपटून तो कुठे उडेल याचा नेम नसे, आणि दोरीवर आईने वाळत घातलेले कपडे. तेव्हा चेंडू कपड्यांवर जाण्याआधी झेप घेऊन पकडायला ती शिकली, नव्हे, आईच्या धाकाने तिला शिकावंच लागलं. दिवसभरात चार-पाच चेंडू आत गेले तर त्या संध्याकाळी तिचे पाय जमिनीला लागत नसत. पण असे दिवस थोडे. काही वर्षं अशी गेल्यावर तिने स्वतःपुरता निकाल लावून टाकला.

"बाबा, माझा नेम नाही," ती एकदा जेवताना म्हणाली. "मी पास देणारी आहे. बास्केट करणारे वेगळे असतात."

खेळातलं मिलिमीटरला काय कळणार? त्याने तिच्या ताटात भाजी वाढली.

पुढच्या वर्षी भिंगरी हायस्कूलला जाणार होती. हायस्कूलच्या संघांत ज्या मुली दिसत, त्या बहुतेक सगळ्या एकाच प्रशिक्षण वर्गातून आलेल्या. तिथे वर्षभर घाम काढून घेत, पण आत शिरायला आधी निवड चाचणी. जागा मोजक्या आणि मुली ढीगभर. भिंगरीने आठवडाभर धड खाल्लं नाही. एवढं एक मिळालं तर मी आयुष्यात काही मागणार नाही, असं तिने आईला सांगितलं. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला; तिला रजा मिळाली नाही, म्हणून सोबत बाप गेला.

व्यायामशाळेची फरशी लाकडी आणि अशी चकचकीत की मिलिमीटरला बुटांची लाज वाटली. वर पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी. कोचबाई बुटक्या, केस बारीक कापलेले, आणि आवाज असा की शिट्टीची गरजच नव्हती.

"पालकांनी वर बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं," त्या म्हणाल्या. "वरून एक सूचना आली, तर ती मुलगी घरी. मागाहून रडारड चालणार नाही."

सुरुवातीला धावणं, वळणं, चेंडू आपटत नेणं, अडवणं. भिंगरी वाऱ्यासारखी होती. दुसऱ्यांनी मारलेला चेंडू कडेवरून उडाला की तो कुठे येणार हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखी ती तिथे हजर. कोचबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं, तेव्हा मिलिमीटरची छाती दोन इंच फुगली.

मग सामना सुरू झाला आणि सगळा विचका होऊ लागला. चेंडू भिंगरीच्या हातात, समोर रिंग, मध्ये कुणी नाही, आणि ही बया चेंडू दुसरीला देऊन मोकळी! पुन्हा तेच. "टाक ना!" कोचबाई ओरडल्या. भिंगरीने मान हलवली आणि परत पास दिला. कोचबाईंनी ओठ आवळले. त्या ओठांचा अर्थ लावायला खेळ कळायची गरज नव्हती.

तेवढ्यात दुसऱ्या एका मुलीने चेंडू फेकला. तो कडेवर आपटला, उडाला, परत कडेवर टेकला, गोल फिरला आणि आरामात आत पडला.

मिलिमीटर दचकला. लोखंडाला लागूनही आत? त्याने आल्यापासून पहिल्यांदा रिंगकडे कारागिराच्या डोळ्याने पाहिलं. एक डोळा मिटून, अंगठा धरून माप घेतलं. परत घेतलं. त्या रिंगमधून एक चेंडू जाताना दुसरा अर्धाअधिक शेजारून गेला असता!

पोरीचा नेम चुकत नव्हता. बापाचं माप चुकलं होतं. आणि हे सांगायला तोंड उघडलं, तर ती घरी.

पाणी प्यायला सुट्टी झाली. नळ नेमका गॅलरीच्या खाली होता. भिंगरी बाटली भरत होती, चेहरा उतरलेला. मिलिमीटरने कठड्यावरून मान खाली घातली. नियम त्याला कळत होता, पण तिचा तो चेहरा बघवेना.

"भिंगरे," तो कुजबुजला. "आपली रिंग लहान आहे गं. खरी एवढी मोठी असते. मी चुकलो."

तिने वर बापाकडे पाहिलं, मग रिंगकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे माझा नेम..."

"तुझा नेम शंभर नंबरी आहे."

आता ही रडणार, असं त्याला वाटलं. ती हसायला लागली. बाटली हातातून सुटली, पाणी सांडलं, तरी ती पोट धरून हसतच होती.

"काय चाललंय?" कोचबाई पुढ्यात उभ्या. "मी काय सांगितलं होतं?"

मिलिमीटर ताडकन उभा राहिला आणि भर गॅलरीत त्याने सगळं सांगून टाकलं: कॅलिपर, सळई, बोटभर फट. आजूबाजूचे पालक खो खो हसले. कोचबाई हसल्या नाहीत.

"बोटभर?" त्यांनी विचारलं. "आणि त्यातून हिचे चेंडू जातात?"

"रोज एखाददुसरा. एखाद्या दिवशी चार-पाच."

कोचबाईंनी आधी भिंगरीकडे, मग रिंगकडे पाहिलं. भिंगरीचं हसू मावळलं आणि ती ओठ चावत उभी राहिली.

"नियम मोडलाय, शिक्षा होणारच," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मोडलाय तुम्ही. तेव्हा तुम्ही बाहेर. ही खेळेल."

मिलिमीटर एवढ्या आनंदाने क्वचितच कुठून हाकलला गेला असेल.

बाहेर बोळात सफाईवाली बाई फरशी पुसत होती. दाराला वरच्या बाजूला काचेचा चौकोन होता. मिलिमीटर टाचा उंचावून उभा राहिला, तर समोरची रिंग तेवढी दिसली. माणूस एकही नाही.

"पोरगी आहे आत?" बाईने विचारलं.

"हो. पण दिसत नाही. नुसती रिंग दिसते."

एक चेंडू आला, फळीवर आदळून बाहेर गेला. एक सरपटत आल्यासारखा आला, तोही बाहेरच गेला. मग एक चेंडू उंचावरून, जणू छतातून सोडल्यासारखा आला आणि कुठेही न लागता सरळ आत. जाळी तेवढी हलली.

"हा माझ्या पोरीचा!" मिलिमीटर ओरडला.

"न बघता कसं सांगता?"

"लोखंडाला लागला नाही, बघा. कडेला लागलेला चेंडू आमच्याकडे आत जातच नाही!"

बाईने पोछा भिंतीला टेकवला आणि तीही टाचा उंचावून उभी राहिली. थोड्या वेळाने तसाच आणखी एक. मग लागोपाठ दोन. एक हुकला तेव्हा दोघांनी एकदमच "अरेरे" केलं. त्यानंतरचा आला तेव्हा "तुमचीच!" म्हणून बाईच आधी ओरडली.

दार उघडलं ते एकदम. भिंगरी घामाने निथळत बाहेर आली आणि बापाच्या अंगावर जवळजवळ आदळलीच.

"घेतलं, बाबा! मला घेतलं! कोचबाई म्हणाल्या, पास पण दे आणि टाक पण!"

मिलिमीटरने काय काय बोलायचं ठरवलं होतं. माफी मागायची होती, शाबासकी द्यायची होती. ते सगळं राहूनच गेलं. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत. सफाईवाली बाई कुणी आपलंच जिंकल्यासारखी टाळ्या वाजवत होती.

त्याने बायकोला फोन लावला. धुलाईयंत्रांच्या घरघरीत तिला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा तिने तिकडे अशी आरोळी ठोकली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मला रजाच देत नाहीत मेले," ती रडत रडत म्हणाली. "तुम्ही तरी नीट पाहिलंत ना तिला खेळताना?"

"पाहिलं की," मिलिमीटर म्हणाला. "तिचा एकूण एक चेंडू पाहिला."