दोष असेल तरच

स्फोट सोमवारी सकाळी झाला आणि संध्याकाळच्या आत इंदापूर रस्त्यावरच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘भ्याड दहशतवादी हल्ल्याचा जाहीर निषेध.’ खाली आमच्या कोल्ड स्टोरेजचं नाव आणि हात जोडलेला ह्यांचा फोटो. शेजारी पुतण्या सौरभचा, जरा मोठाच.

आमच्याकडे वाढदिवस असो, दहावा असो, कुणाची निवड असो, आधी फ्लेक्स लागतो आणि बाकीचं मागून होतं. त्यात त्या दिवसांत टीव्हीवर सारखं सीमेवरचं चाललेलं. स्टोरेज थंड ठेवणाऱ्या अमोनियाचा पाईप फुटला तेव्हा आवाजच असा झाला, की माणसं “बाँब, बाँब” म्हणत पळाली. कुंपणापाशी एक बेवारस पिशवी सापडली, ती पोलिसांनी तपासायला नेली. सौरभला तेवढं पुरलं. ह्यांच्यापुढं एका न्यूज पोर्टलवाल्यानं माईक धरला, तर हेही बोलून गेले, “हा घातपातच आहे.”

गॅस वाऱ्याबरोबर कुंपणाबाहेर गेला. शेजारच्या वस्तीवरची बरीच माणसं डोळे चोळत, खोकत दवाखान्यात आली. सगळ्यांत वाईट लागलं ते बिरूला. तो बाहेरच्या पडीक रानात मेंढरं चारत होता. पळून गेला असता तर वाचला असता, पण मेंढरं गोळा करायला पुन्हा त्या धुरात शिरला आणि छाती आतून भाजून घेतली.

आपण जेवायच्या आधी एका कुणाच्या तरी मुखी घास जावा, असा माझा रोजचा नेम आहे. त्या आठवड्यात मी बारामतीच्या दवाखान्यात डबा न्यायचे. बिरूची बायको प्रयागबाई वॉर्डच्या दाराशी बसलेली असायची.

“या वयनी. आज बी शिराच का? आमाला काय बारशाला बोलावलंय व्हय?”

“खा गं मुकाट्यानं.”

“गावाकडनं समद्यांचं फोन येत्यात. म्हनत्यात, बिरू आतिरेक्यांशी लडला. कुटला लडतोय! मेंढीचा पाय धरून पडला व्हता.” ती हसली, आणि लगेच पदर डोळ्याला लावला. “डाक्टर म्हनत्यात पुन्याला हलवा. लय महिनं लागतील. त्या आतिरेक्यांचं वाटुळं हुईल, बघा.”

न पाहिलेल्या माणसाला शिव्या दिल्या, की तिला हलकं वाटायचं. मी ऐकून घ्यायचे. मला मात्र डबा उघडताना तिच्याकडं बघवत नव्हतं.

गुरुवारी करुणा घरी आली. ती इंदापूरची, आमच्या धंद्याचा विमा तीच बघते. सौरभही होता.

“दादा, तुमच्या दोन पॉलिसी आहेत,” ती ह्यांना म्हणाली. “आपल्यामुळं बाहेरच्या माणसाला इजा झाली, तर पहिली देते. तिची मर्यादा वस्तीवरच्या लोकांच्या उपचारातच संपेल. तिच्यावर ही दुसरी, अंब्रेला. पहिली संपली की ही उघडते. बिरूभाऊंचं पुण्याचं सगळं हिच्यावर आहे.”

“मग उघडा की छत्री,” सौरभ म्हणाला.

करुणानं मोबाईल पुढं केला. पडद्यावर चौकातला फ्लेक्स. “हा विमा कंपनीच्या सर्व्हेयरनं काढलाय. अंब्रेलातून दहशतवादी कृत्य वगळलेलं आहे. तुम्हीच चौकात लिहिलंय तसं असेल, तर ती उघडत नाही.”

सौरभनं मोबाईल परत तिच्याकडं सरकवला.

“नूतनीकरणाच्या वेळी मी विचारलं होतं, दहशतवादाचं वेगळं कव्हर घ्यायचं का. त्याची मर्यादा कमी असते, पण काही तरी हातात असतं.”

“मग मी काय म्हणलो होतो?” ह्यांनी विचारलं.

“‘इंदापुरात कोण येतंय बाँब टाकायला.’”

सौरभला हसू फुटलं. हे हसले नाहीत.

“पण समज, बाँबच होता. मग आमचा काय दोष? दोष नसल्यावर तर कंपनीनं लगेच द्यायला पाहिजे.”

“तिथंच गंमत आहे, दादा. ही पॉलिसीच तुमच्या दोषाची आहे. तुमच्या हयगयीनं कुणाला इजा झाली, तर कंपनी तुमच्या वतीनं भरून देते. दोष दुसऱ्याचा, आणि तोही अतिरेक्याचा म्हणलात, की ती बाजूला होते.” मग ती म्हणाली, “पिशवीत कुणाचे तरी कपडे निघालेत म्हणे. पण सर्व्हेयरला तुमचा लेखी जबाब पाहिजे. पाईप कशानं फुटला?”



“माहीत नाही म्हणून लिहू, नाना,” सौरभ ह्यांना म्हणाला. “सोसायटीची निवडणूक तोंडावर आलीय. आपलीच चूक म्हणलं, तर लोक डाळिंबं तरी ठेवतील का आपल्याकडं?”

“माहीत नाही लिहिलंत, तर ते फ्लेक्स धरून बसणार. वाद मिटेपर्यंत बिरूभाऊंची फाईल तशीच पडून राहील.”

“संभाजी चहाला आला होता त्या दिवशी,” मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.

संभाजी आमचा मशीन बघणारा. पाईप आतून गंजलाय, बदलून घ्या, असं तो माझ्यादेखत सांगून गेला होता. डाळिंबाचा हंगाम उरकू दे, असं हे म्हणाले होते.

“ठाऊक हाय मला,” हे म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

इतकी वर्षं मी देवापुढं हात जोडले, ते घरावर बोल येऊ नये म्हणून. आता बोल अंगावर घेतल्याशिवाय एका माणसाला श्वास मिळणार नव्हता. त्या दिवशी पोथी उघडून बसले, पण अध्याय पुढं सरकेना.

सकाळी आम्ही करुणाबरोबर बारामतीला निघालो. सर्व्हेयर अकराला येणार होता. एमआयडीसीपाशी आल्यावर हे ड्रायव्हरला म्हणाले, “आधी दवाखान्यात घे.”

प्रयागबाई उठून उभी राहिली. “मालक, तुमी कशाला आलासा?”

“बाई, बाँब न्हवता. आमचाच पाईप गंजला होता. संभाजीनं सांगितलं होतं, मी लांबणीवर टाकलं.”

तिनं ह्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिचं ते बघणं मला सोसेना.

“म्हंजी आतिरेकी न्हवताच कोन? तुमीच?” ह्यांनी मान खाली घातली. “मग मला काय सांगताय? त्यो आत जागा हाय. त्येला सांगा.”

आत बिरूच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ह्यांनी खाटेपाशी वाकून पुन्हा सगळं सांगितलं. बिरूनं डोळे मिटून ऐकलं. मग मास्क थोडा वर उचलला.

“पल्याडचा पाईप बी तसलाच हाय का?”

फुटलेला भाग बंद करून उरलेलं स्टोरेज चालू ठेवायची परवानगी मिळाली होती. आत लोकांची डाळिंबं होती.

“हाय,” हे म्हणाले.

“माजा भाऊ मेंढरं घिऊन तितनंच जातोय रोज,” बिरू म्हणाला, आणि त्याला खोकला आला. प्रयागबाईनं मास्क खाली ओढला आणि आम्हाला हातानंच बाहेर जायला सांगितलं.

व्हरांड्यात ह्यांनी संभाजीला फोन लावला. “सगळं बंद कर. गॅस काढून घे... डाळिंबं? लोकांना फोन करून न्यायला सांग. न्हेली तर न्हेली.”

सर्व्हेयरपुढं जबाब लिहून झाला. करुणानं तो वाचून बघितला आणि सहीला पुढं केला. ह्यांनी पेन घेतलं नाही.

“दुसऱ्या पाईपचंबी लिही.”

“ते त्यांनी विचारलेलं नाही, दादा,” ती हळू आवाजात म्हणाली. “हयगय पॉलिसीत बसते. पण माहीत असून चालू ठेवलं असं दिसलं, तर त्यावरही अडून बसतील. पुण्याचं लांबेल.”

“लांबलं तर तेवढे दिवस माझ्या पदरचं घालीन. बिरूनं विचारलंय, म्हणून लिही.”

करुणानं कागद परत आपल्याकडं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.