बाहेरून लावलेले कुलूप

मी एक जुने लोखंडी कुलूप आहे. अंगभर गंज चढला आहे, किल्ली केव्हाच हरवली आहे आणि आता माझ्यावाचून कोणाचे अडत नाही. तरी मित्रांनो, माझी हकिगत तुमच्या कानावर घालावी असे वाटते. ती माझी थोडी आणि भागीरथेची जास्त आहे.

माझा जन्म अलीगढचा. गोणीत भरून, आगगाडीत बसून मी विदर्भाच्या वाटेला लागले आणि शेवटी तळेगावच्या बाजारात एका चादरीवर येऊन पडले. तिथे रूपरावने मला उचलले. दोन्ही हातांनी ओढून पाहिले, दगडावर आपटून पाहिले आणि तो खूश झाला. तळेगावात कुलपाची कोणाला फारशी गरज नव्हती, लोक कडी घालून वावरात जात. पण रूपरावला पुलगावच्या गिरणीत काम लागले होते आणि तो बायकोला घेऊन परक्या ठिकाणी बिऱ्हाड करणार होता.

देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षे झाली असतील. पुलगावात खोली मिळणे कठीण, म्हणून गिरणीतले कितीतरी लोक शेजारच्या नाचणगावात राहत. देवकाबाई नावाच्या एका विधवेने घरामागच्या अंगणात ओळीने खोल्या काढल्या होत्या. त्यांतली कडेची खोली रूपरावने भाड्याने घेतली. पुढे हातभर ओटा, आत एक चूल, मागच्या भिंतीत उंचावर झरोका. बस्स.

रूपराव पहिल्या दिवशी कामावर निघाला तेव्हा त्याची बायको भागीरथा घाबरली. शेजारच्या खोल्यांत कुठकुठले गडी राहत होते. ती हळूच म्हणाली, "मले एकटीले भेव लागते."

"बाहेरून कुलूप लावून जातो," रूपराव म्हणाला. "कोनी येनार नाई."

किल्ली दोनदा फिरली. ती त्याने करदोड्याला बांधली आणि तो गेला. आत भागीरथेने सुटकेचा निःश्वास टाकला. मी ताठ मानेने दारावर लटकत होते. आपण एका माणसाला सांभाळतो आहोत, याचा मला फार अभिमान वाटला.

मित्रांनो, भीती काही कायम राहत नाही. भिंतीपलीकडचे आवाज हळूहळू भागीरथेच्या ओळखीचे झाले. कोण खोकते, कोण भजन गुणगुणते, कोणाची रोज भाजी करपते, हे तिला आतूनच कळू लागले. देवकाबाई ओट्यावर गहू निवडायला बसत आणि दाराच्या फटीतून तिच्याशी बोलत. एके सकाळी भागीरथा नवऱ्याला म्हणाली, "आता कुलूप नोका लावू. मावशी हायेत ना."

"लोकायचा भरोसा नाई," तो म्हणाला, आणि किल्ली दोनदा फिरली.

पुन्हा काही दिवसांनी तिने विचारले. या खेपेस तो म्हणाला, "तुले कमी काय हाय आत?" तिने आत नजर फिरवली. पिठाचा डबा भरलेला होता, पाण्याचा माठ भरलेला होता. पहाटे तो स्वतः विहिरीवर तिच्याबरोबर उभा राही. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. घरी येताना तो तिच्यासाठी फुटाणे आणी. मग तिने विचारणेच सोडले.

उन्हाळ्यात ती खोली तव्यासारखी तापे. भागीरथा दाराशी आडवी होऊन खालच्या फटीशी तोंड नेई. तिचा श्वास मला दारातून जाणवे. भाद्रपद सरत आला तेव्हा अंगणात पोरींनी भुलाबाई मांडली. रूपरावची दुपारची पाळी होती. बाहेर गाणी चालली आणि आतून टाळ्या ऐकू येऊ लागल्या. दाराच्या फटीतून खिरापत आत गेली. त्या दिवशी माझा अभिमान गेला.

देवकाबाईंनी रूपरावला टोकलेही होते. "घरचा मामला हाये, मावशी," एवढेच तो बोलला. भाडे वेळेवर देणारा शांत भाडेकरू. त्या गप्प बसल्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी तानबा आला. हा भागीरथेचा थोरला भाऊ. तळेगावहून आर्वीला येऊन, तिथल्या छोट्या आगगाडीने तो पुलगावात उतरला होता आणि तिथून चालत आला होता. दारावर मी. त्याने मला हातात धरले आणि तसाच उभा राहिला.

"भागी?"

"दादा?" आतून आवाज आला. "काऊन आला गा?"

"बाबा लय बिमार हायेत. तुह्यंच नाव घेऊन राह्यले. परतीच्या गाडीनं निघा लागते."

आतून दार एकदा ओढले गेले. मग भागीरथा म्हणाली, "किल्ली त्यायच्यापाशी हाये."

तानबा गिरणीच्या फाटकापर्यंत धावत गेला. पाळी सुटेपर्यंत कोणाला बाहेर सोडता येत नाही, असे पहारेकऱ्याने सांगितले. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. दाराला कपाळ टेकून तो म्हणाला, "मी जातो, भागी. बाबाले काय सांगू?"

"सांग का मी सुखात हाये," भागीरथा म्हणाली.

ओट्यावर देवकाबाई उभ्या होत्या. हे वाक्य ऐकले आणि त्या घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, होती. त्यांनी मला हातही लावला नाही. ज्या कोयंड्यात मी अडकले होते, त्याच्या खाली त्यांनी सब्बल घातली आणि सारे वजन टाकले. लाकूड करकरले. कोयंडा खिळ्यांसकट निघाला आणि मी ओट्यावर पडले.

भागीरथा उंबऱ्यात आली. उन्हाने तिचे डोळे मिटले. देवकाबाईंनी तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "जाय माय. गाडी चुकन."

संध्याकाळी रूपराव आला. सताड उघडे दार पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. "माही बायको कोनाले इचारून जाऊ देली?"

"मी बायकोले काई नाई केलं," देवकाबाई शांतपणे म्हणाल्या. "दार माह्यं हाये, ते मी उघडलं. मी राह्याले खोली देली, रूपराव, कोंडाले नाई. आता या दाराले बाहेरून कोयंडा बसनार नाई. पटत नसन त दुसरी खोली पाहा."

तो तणतणत गेला. पुलगावात खोली शोधत हिंडला आणि मुकाट्याने परत आला. त्या उघड्या दारात तो गुडघ्यात मान घालून बसून राहिला. पुढे निरोप आला, तसा तो तळेगावला गेला. लेकीच्या हातचे पाणी पिऊन म्हातारा गेला होता.

तेरवी झाल्यावर दोघे परतले. भागीरथा ओट्यावरच थांबली. रूपराव खाली पाहत म्हणाला, "मले भेव वाटे. तू कोनाच्या नजरेत येशील, मले सोडून जाशील."

"भेव तुमाले," ती म्हणाली, "अन् कोंडलं मले."

तिने दाराची फुटलेली जागा बोटांनी चाचपली आणि विचारले, "आतून कडी हाये ना?"

"हाये," तो म्हणाला.

मग ती आत गेली. दार उघडेच राहिले. थोड्या वेळाने बादली घेऊन ती एकटीच विहिरीकडे निघाली, तेव्हा रूपराव उठून उभा राहिला, पण तिच्यामागे गेला नाही.

रूपरावने किल्ली देऊन टाकली आणि देवकाबाईंनी मला सरपणाच्या खोपीला लावले. तिथे मी पुष्कळ पावसाळे काढले. मित्रांनो, माझ्या जातीच्या कुलपांना कधीमधी तेलाचा थेंब द्या, आम्ही तुमचे घर राखू. पण किल्ली फिरवण्याआधी एकदा दाराशी थांबून हाक मारा. आतून ओ आली, तर आम्हाला लावू नका.