लाट न पोचलेली जागा

गुरम्मानं तांब्यातलं पाणी दगडावर ओतलं. भुरकट दगड काळसर झाला आणि त्याच्या कडेवर केसाएवढ्या रेघा उमटल्या, एकीवर एक.

"आमच्या न्हाणीतली फरशी अशीच हाय," ती म्हणाली. "एवढं दाखवाया नांदेडहून लोह्याला आलीस व्हय?"

देविका ओसरीवर तिच्यासमोर बसली होती. गुरम्माच्या लेकाबरोबर, शिवलिंगबरोबर, ती कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. समुद्रात पाहणीला गेलेली त्याची नाव उलटली, त्याला एक पावसाळा होऊन गेला. प्रेत सापडलं नव्हतं. कॉलेजातल्या त्याच्या टेबलावर हा दगड तेवढा राहिला होता.

"किनवटच्या पुढून आणला होता त्यानं, आई. चुनखडी आहे. तिथं फार पूर्वी समुद्र होता."

"ऐकलंस का शांते? किनवटला समुद्र! तुझ्या माहेराला जहाजं लागत असतील."

धाकटी जाऊ शांतम्मा हसली नाही. "अक्का, मठातले जंगमस्वामी पुन्हा विचारून गेले. त्याचे कपडे तरी मातीत ठेवून समाधी देऊ म्हणत होते."

"कपडे मांडी घालून बसतेत का? आपल्यात माणूस बसवून पुरतेत. माझं लेकरू येऊ दे, मग बगू."

गुरम्मानं ओला दगड मांडीवर घेतला.

"ह्या रेघा कशाच्या?"

"गाळाच्या. चुन्याचा बारीक गाळ पाण्यातून खाली बसत गेला. वर लाटा असतील, वादळं असतील, पण तळापर्यंत काही पोचलं नाही. पोचलं असतं तर थर मोडले असते, वळ्या पडल्या असत्या. शिवलिंग म्हणायचा, इतकी निवांत जागा..." तिनं वाक्य तिथंच सोडलं.

गुरम्मा रेघांवरून नख फिरवत राहिली. लुगड्याला ओल लागत होती.

"शिवा हाय तिथंबी असंच असंल?"

देविकानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. नाव किनाऱ्याजवळच उलटली होती. तिथला तळ लाटांनी रोज ढवळून निघतो.

"हो, आई. असंच. अगदी शांत."

गुरम्मानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. पाहतच राहिली. देविकाची नजर जमिनीला गेली.

"मास्तरीण हायस, अन् धड खोटंबी बोलता येईना तुला," गुरम्मा म्हणाली. आवाजाला धार नव्हती. "चहा घे. गार होऊन राहिला."

गुडघ्यावर हात टेकून ती उठली, दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली.

"शांते, जंगमस्वामींला निरोप धाड. तिकडं लाटा त्याला निवांत बसू देत न्हाईत."

शांतम्मानं डोळ्यांना पदर लावला. "कपड्यांपुरता खड्डा लहानच लागंल, अक्का. सांगते तसं."

"लहान कामून? मांडी घालून बसाया लागतो तेवढा खणाया सांग. खोल घ्या म्हणावं. शिवा उंच हाय."