क्रेनवाल्यांचा रेडिओ आणि बद्रीनाथकाकांचं जेवण

सरकारी परवानगी आधी आली आणि सामान नंतर मिळालं, असं आमच्या भागात सहसा होत नाही. आमच्या रिपीटरचं झालं. परवाना आला, आम्ही तो फ्रेम करून भिंतीवर लावला, आणि त्याच्याखाली दाखवायला काहीच नव्हतं.

रिपीटर म्हणजे टेकडीवर ठेवलेले दोन रेडिओ. एक लांबचा दुबळा आवाज ऐकतो, दुसरा तोच आवाज त्याच क्षणी जोरात पुढं सांगतो. आमच्या गल्लीत हे काम माणसंच करतात, त्यांना वीजसुद्धा लागत नाही.

तो हवा होता अण्णासाहेब गुरुजींना. मला हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या परवान्याची, परीक्षा त्यांनीच पास करवली. त्याआधी मी कुठलीच परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो नव्हतो. अंबडच्या त्यांच्या घरावर उंच अँटेना होता. गुडघे गेले तसं मुलानं त्यांना जालन्याला फ्लॅटवर आणलं. तिथल्या सोसायटीत कपडे वाळत घालायलाही अर्ज लागतो, अँटेना कोण लावू देतंय? उरला हातातला छोटा सेट. त्याचा आवाज वडीगोद्रीला पोचेना, आणि वडीगोद्रीत बद्रीनाथकाका होते. दोघं वर्षानुवर्षं रोज सकाळी रेडिओवर भेटायचे. दिवाळीनंतर काकू वारल्या आणि काका घरात एकटे राहिले.

"गुरुजी, फोन करा ना," मी म्हणालो.

"केल्ता. फोनवर तो 'मजेत हाये' म्हणतो. फोनवर कुणीबी मजेतच असतं. रेडिओवर सारा जिल्हा ऐकून राह्यलेला असतो, तिथं बद्रीनाथला खोटं बोलता येत न्हाई. मला त्याला रेडिओवर गाठून दे, सूरज. तो जेवतो का न्हाई, एवढंच पाह्यजे मला."

मी साळूमावशीच्या भंगार दुकानात गेलो. एक कारखाना बंद पडला होता, त्याच्या क्रेनवाल्यांचे रेडिओ तिच्याकडं येऊन पडले होते.

"मावशी, चालतेत का हे?"

"चालत असते तर माह्याकडं कशाला आले असते? घेऊन जा."

"किती द्यायचे?"

"काही देऊ नको. पण त्याच्यातून माणूस बोलंल ना, तवा मला बोलाव. माह्याकडून गेलेली वस्तू परत बोलल्याली मी आजून पाह्यली न्हाई."

पुढचं काम शीतलचं. ती पॉलिटेक्निकला माझ्या वर्गात होती; तिला सोल्डरिंग यायचं, मला विनोद यायचे. तिनं दोन सेट उघडले. एकात अर्धी विडी सापडली. ती काढली, तरी सेट चालू झाला. सेट तापू नयेत म्हणून तिनं जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला. मी लॅपटॉपला केबल लावून कारखान्याच्या फ्रिक्वेन्सी पुसल्या, आमच्या भरल्या. अंबडच्या अलीकडं शीतलच्या वडलांचं शेत टेकडीवर आहे. तिथं एका खांबावर दोन अँटेना चढवले, एक शेंड्याला, एक बुडाला. जवळ ठेवले तर सांगणाऱ्याच्या ओरडण्यानं ऐकणारा बहिरा होतो.

रविवारी सकाळी मावशी इस्तरीची साडी नेसून टेकडीवर आली. माझ्या हातातल्या सेटमधून गुरुजींचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"बद्रीनाथराव, जय भीम!"

"राम राम, गुरुजी! राम राम! लई दिवसांनी! तब्येत?"

"बरी हाये. तुमची?"

"बरी. गुडघे?"

"जागेवर हायेत. म्हैस?"

"याली. पारडी झाली. सूनबाई बऱ्या?"

"बऱ्या. नातू बी बरा. पाऊसपाणी?"

"हाये बेताचं. आन् तिकडं—"

आणि रिपीटर बंद पडला.

"मेला का?" मावशीनं विचारलं. तिच्या धंद्यात हा नेहमीचा प्रश्न.

शीतलनं माझ्याकडं पाहिलं. "टायमर बदलला होता का, सूरज्या?"

नव्हता बदलला. क्रेनवाल्यांनी गप्पा छाटू नयेत म्हणून कारखान्यानं प्रत्येक सेट एका मिनिटानं आपोआप बंद होईल असा लावला होता. त्यात माझी भर. गुरुजी विचार करून बोलतात, म्हणून एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईस्तोवर सेट चालूच राहील अशी सोय मी केली होती. त्यामुळं दोघांना मिळून एकच मिनिट. एका मिनिटात क्रेननं लोखंड उचलता येतं, पण आपल्याकडं म्हशीच्या पुढं जाता येत नाही.

टायमर बदलायची केबल जालन्यात, घरी होती. तेवढ्यात दम खाऊन सेट आपोआप परत जागा झाला.

"राम राम, गुरुजी! आवाज गेल्ता. तर काय म्हणत होतो, तिकडं पाऊस—"

पुन्हा पाऊस, पुन्हा म्हैस, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा मी मध्ये घुसलो. "गुरुजी, एकच मिनिट मिळून राह्यलंय. मुद्द्याचं बोला."

गुरुजी म्हणाले, आणि यावेळी जय भीमसुद्धा नाही:

"बद्रीनाथ, जेवतो का रे?"

दोघांची पंचवीस-तीस वर्षांची ओळख, पण गुरुजींनी काकांना अरे म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"न्हाई, गुरुजी," काका म्हणाले. "चहा घेतो. चूल पेटवून एकट्यासाठी काय टाकावं, ते कळत न्हाई. ताट एकच काढावं लागतं."

रिपीटर बंद पडला. ज्या कुणा साहेबानं कामगारांचं बोलणं तोडायला ते मिनिट लावलं असेल, त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले. त्याला हे कधी कळणार नाही, आणि कळलं तर आवडणार नाही.

"तू आणलेल्या डब्यात काय हाये?" मावशीनं शीतलला विचारलं.

"भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा."

"चल मंग. उठ रे, सूरज. हितं काय राखण करून राह्यला?"

वडीगोद्रीला काकांच्या घरी मावशीनं विचारल्याशिवाय फळीवरची ताटं उतरवली. चार. काका "अवो, राहू द्या, मला भूक न्हाई" म्हणत होते. तिनं त्यांना भंगारातल्या सामानासारखं दंडाला धरून बसवलं. काकांचा सेट शेजारीच होता. काकांनी माइक हातात घेतला.

"गुरुजी, ही माणसं घरात शिरल्यात."

"मीच 'जा' म्हणलो असतो, त्याच्या आधीच निघाले ते. घास घे."

"घेतला."

"खोटं. तोंड रिकामं वाजून राह्यलंय."

काकांनी घास घेतला आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "घेतला."

"आता बराबर."

तेवढ्यात परतूरकडून कुणीतरी अनोळखी मधेच बोललं, "काका, भाजी कशाची हाये?"

"वांग्याची."

"मंग दोन भाकरी खा," तो म्हणाला आणि गेला. रिपीटरही गेला. परत आला तेव्हा गुरुजी विचारत होते, "दुसरा घास?"

काकांचे डोळे भरले होते. ठेचा तिखट होता, पण तेवढाही नव्हता.

"गुरुजी," ते म्हणाले, "आता जरा थांबा. भाकरी मोडायला दोन्ही हात लागून राह्यले."

आणि त्यांनी माइक खाली ठेवला.