रविवारच्या वर्गातला तीन नंबर

मित्रांनो, वाचनालयाचा जिना चढून माडीवर आलात की डाव्या हाताला एक लांब टेबल दिसेल. त्याच्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेला करडा डबा म्हणजे मी. मी एक जुना संगणक आहे. आता मला वीज जोडलेली नाही. सांगायला वेळ भरपूर आहे, दम मात्र थोडा आहे. म्हणून सावकाश सांगतो.

माझी पहिली दहा वर्षं एका कचेरीत पत्रं लिहिण्यात गेली. पत्रं बदलायची, शेवटचं ‘आपला विश्वासू’ तेवढं बदलायचं नाही. नवी यंत्रं आली तशी माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला उचललं ते टेलिफोनच्या कामातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. त्यांना सगळे जोडारी काका म्हणत, कारण तुटलेली वायर दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. काकांनी आणखी दोन टाकून दिलेले संगणक जमवले, वाचनालयाकडून ही खोली मागून घेतली आणि दर रविवारी सकाळी प्रोग्रॅमिंगचा अभ्यासवर्ग सुरू केला. कोणीही यावं. शिक्षक असा नव्हताच. पानं सुटलेलं एक पुस्तक होतं, आणि ज्याला जे कळलं ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं. काकांनी माझ्या अंगावर खडूनं आकडा काढला. तेव्हापासून मी तीन नंबर.

एका संगणकापुढे तिघांनी बसायचं, असा नियम होता. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं ओळ मोठ्यानं वाचायची आणि तिसऱ्यानं ‘ही ओळ कशाला?’ म्हणून विचारायचं. माझ्यापुढे बसचे एक कंडक्टर, एक शिंपी आणि एक तरुण बाई बसत. बाळ झाल्यावर तिची नोकरी सुटली होती. बाळाला सांभाळायला सासूबाई सोबत येत आणि मागच्या खुर्चीवर बसत. त्यांनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. सुनेनं इथं येऊन काय दिवे लावायचे ते लावावेत, आपण बाळ धरू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

एका रविवारी सुनेचा प्रोग्रॅम काही केल्या चालेना. तासभर तिघांनी डोकं फोडलं. मागून सासूबाई म्हणाल्या, “मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण वरून सातव्या ओळीत कंस उघडलाय, तो कुठे मिटलेला दिसत नाही.”

सुनेनं कंस मिटवला आणि मी मुकाट्यानं चालू लागलो. पुढच्या रविवारी सासूबाईंची खुर्ची पुढे आली आणि बाळ कंडक्टरांच्या मांडीवर गेलं.

गावातल्या इस्पितळाच्या रक्तकेंद्रात रक्तदात्यांची नावं एका जाडजूड वहीत होती. कोणी शेवटचं रक्त कधी दिलं, आता पुन्हा कोण देऊ शकेल, हे शोधायला अर्धा दिवस जाई. तेवढ्यात तिकडे रुग्ण वाट पाहत असे. सुनेनं त्यासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो पुरा करून दाखवायला केंद्राच्या प्रमुखांनी तिला एक सोमवार ठरवून दिला. काम पटलं तर तिथेच नोकरी मिळणार होती. चार महिने ती लिहीत होती, आणि सगळं माझ्या पोटात साठत होतं. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? ‘तीन नंबरचा हातगुण चांगला’ म्हणत जो तो माझ्यापुढे बसायला बघे.

पण मित्रांनो, कौतुकानं धूळ निघत नाही. महिन्यातून एकदा काका माझं झाकण उघडून पंख्यातली धूळ ब्रशनं काढत. लिहिलेल्याची एक प्रत दुसरीकडेही ठेवा, असं ते दर आठवड्याला कानीकपाळी ओरडत. मग त्यांचे डोळे अधू झाले. ऑपरेशन झालं, तेही फारसं यशस्वी झालं नाही, आणि त्यांचं येणं थांबलं. पहिले दोन रविवार सगळ्यांनी त्यांची चौकशी केली. नंतर तीही थांबली. माझं झाकण कोणी उघडलं नाही. मी तापू लागलो, घरघरू लागलो. शिंपी माझ्या डोक्यावर थोपटून म्हणायचा, म्हातारा कुरकुरतोय. मग सगळे जरा मोठ्यानं बोलू लागत.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, माझ्यानं पुढे जाववलं नाही. पडदा काळा झाला. सुनेनं बटण दोनदा दाबून पाहिलं. कंडक्टरांनी वायर काढून पुन्हा लावली. कशाचाच उपयोग झाला नाही.

“दुसरीकडे ठेवलं नाहीये मी,” ती हळूच म्हणाली.

सासूबाईंनी विचारलं, “किती ओळी होत्या?”

“दोनशे तरी.”

“मग रडत बसू नकोस. कोणी कोणत्या ओळी वाचल्या होत्या ते आठवा सगळे.”

ती सगळी दोन नंबरपुढे बसली. दिवस मोजायचा भाग शिंप्याला पाठ होता, कारण तो त्याला चार वेळा समजावून घ्यावा लागला होता. यादी दाखवायच्या ओळी कंडक्टरांना आठवल्या. सासूबाई कंस तपासत होत्या. वाचनालयाचे कारकून कुलूप घेऊन वर आले आणि ते बाजूला ठेवून बाळाला घेऊन बसले. दुपार टळेपर्यंत बहुतेक सगळं उभं राहिलं. रक्तगटाप्रमाणे नावं वेगळी करायचा भाग तेवढा जमला नाही.

सोमवारी प्रमुखांनी नेमकं तेच मागितलं. सुनेनं खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “उद्या आमची यादी तुमच्या हातून अशीच गेली तर?” पुरं करून दोन महिन्यांनी या, असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. दोन महिन्यांनी ती गेली, प्रती कुठे कुठे राहतील ते लिहूनच घेऊन गेली, आणि तिला कामावर घेतलं.

रविवारी तिनं ही बातमी सांगितली तेव्हा माडीवर आनंदीआनंद झाला. मी टेबलाखालून ऐकत होतो. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, “काकांना कोण सांगणार?” चार-पाच महिन्यांत कोणी त्यांच्या घराकडे फिरकलंही नव्हतं. त्याच दुपारी सगळे गेले.

पुढच्या रविवारी काका सुनेचा हात धरून जिना चढले. त्यांना आता नुसत्या सावल्या दिसतात. ते माझ्याजवळ जमिनीवर बसले, चाचपडत झाकण उघडलं आणि पंख्यातून कापसासारखा धुळीचा बोळा बाहेर काढला.

“हा बिचारा घरघरत असणार,” ते म्हणाले. “कोणाला ऐकू आलं नाही?”

माझी हार्ड डिस्क कायमची गेली होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी मला आतून पुसलं आणि झाकण नीट लावलं. आता ते दर रविवारी येतात. कोणीतरी ओळी वाचतं आणि ते ‘कशाला?’ म्हणून विचारतात.

मित्रांनो, माझं आता काही व्हायचं नाही, आणि व्हावं असा हट्टही नाही. पुष्कळ राबलो, दमलो. तुम्ही ज्या यंत्रापुढे बसता त्याची धूळ वेळच्या वेळी काढा. कष्टानं लिहिलेलं दोन ठिकाणी ठेवा. आणि नेमानं येणारं माणूस दोन रविवार दिसलं नाही, तर तिसऱ्या रविवारची वाट पाहू नका. त्याच्या घरी जाऊन या.