थोरलीच्या मापाचं भोक

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत!

दोन जावांचं एक घर होतं, लाकडी जमिनीचं. सासूने वाटणीचा नियम घातला: थोरलीने घराचे दोन भाग पाडायचे, धाकटीने हवा तो उचलायचा, उरेल तो थोरलीचा.

थोरलीला घाम फुटला. पुढच्या भागात सिंकखालचा पाइप वर्षभर ठिबकत होता आणि तिने कानाडोळा केला होता. आता तिथे पाऊल टाकलं की जमीन गादीसारखी दबायची. तिने स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तर चहात बुडवलेल्या बिस्किटात शिरावा तसा शिरला. फळ्या पार कुजलेल्या!

ही ब्याद धाकटीच्या गळ्यात मारायची, तिने ठरवलं. वर नवंकोरं लिनोलियम, म्हणजे जमिनीवर घालायचं जाड मेणकापड, अंथरलं, कुबट वासावर अत्तर शिंपडलं, वरून मोठं अंगणही याच भागाला जोडून दिलं.

धाकटी चहाचा कप घेऊनच बघायला आली. चपला काढल्या आणि टाचा आपटत चालली. ठक, ठक, ठक... भद्द.

"ताई, इथं आवाज बसका येतोय."

"नवं लिनोलियम आहे गं. नव्या सुनेसारखं, सुरुवातीला मऊच असतं."

"मग जुन्या सुनेने जरा उडी मारून दाखवावी."

दारात बसलेली सासू खिदळली, "मार की! एवढी पोसली कशाला तुला?"

नाही म्हणावं तर पितळ उघडं. थोरलीने विचार केला, खालच्या तुळया धड आहेत, नेमकी तुळईवर उडी मारू. जिथे खिळ्यांची रांग, तिथे खाली तुळई. पण खिळे तर तिनेच झाकले होते! मारली अंदाजाने.

कडाड! बाई कमरेपर्यंत आत. पायाचं हाड मोडल्याचा आवाज सासूलाही ऐकू गेला.

धाकटी धावत आली, वाकली आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, मी मागचा भाग घेते हं."

"झाली वाटणी," सासू म्हणाली.

आता थोरली पाय प्लास्टरात घालून त्याच भोकाशेजारी पडून असते. आल्यागेल्याला सासू बजावते, "जपून हं, ते भोक थोरलीच्या मापाचं आहे."

बरं, दात सांभाळायला हवेत, म्हणून एक कबूल करते. धाकटी 'धावत आली' हे मी पदरचं घातलं. ती आली चहा संपवून, कप विसळून.