बोकडाचा होकार

या, जरा जवळ सरका. कीर्तनकार अभंगाचा एक चरण धरतो आणि तासभर उलगडत बसतो. माझ्याजवळ अभंग नाही, इंग्रजीतला एक शब्द आहे: इमोलेट. त्याची कथा सांगतो. ऐकताना कान झाकू नका, एवढंच.

मी तेव्हा दिग्रसच्या अलीकडच्या एका दवाखान्यात जखमा बांधणारा ड्रेसर होतो. भावसिंग तिथे कारकून. डॉक्टरांनी केसपेपरवर अवघड इंग्रजी लिहिलं की टेबलाखालचा जाडजूड कोश काढायचा. अर्थ कळल्याशिवाय रजिस्टरात शब्द उतरवायचा नाही, हा त्याचा नेम.

त्या सकाळी राखीला आणली. बावीस वर्षांची पोर, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जळलेली. मी साडी सोडवत होतो, तर कातडीही सोबत निघत होती. नवरा भारत दारात उभा.

"सोताच पेटवून घेतलं जी तिनं. डोकं फिरेल होतं."

डॉक्टरांनी तो म्हणाला तसं इंग्रजीत लिहिलं, सेल्फ-इमोलेशन, म्हणजे स्वतःला जाळून घेणं, आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायला गेले. भावसिंगने कोश उघडला. वाचता वाचता त्याचं बोट थांबलं.

"ऐक बे. या शब्दात मुळात आगच नाई. जुने रोमन लोक बळीचं जनावर कापाच्या आधी त्याच्या डोक्यावर मिठाचं पीठ भुरभुरवत. थे पीठ टाकणं म्हंजे हा शब्द."

"आपल्याकडं तांदूळ टाकतेत तसं?"

"तसंच. लहानपणी तांड्यावर बोकड मीच धरून ठेवत होतो. डोक्यावर पाणी टाकाचं अन् वाट पाहाची. त्यानं अंग झाडलं का सारे म्हणत, देवानं मानलं, बोकड राजी हाय." त्याने कोश मिटला. "भेवानं थरथरे बिचारं. माह्या धरल्या हाताले समजत होतं!"

तेवढ्यात आत पोलीस जमादाराने राखीचा जबाब घ्यायला सुरुवात केली.

"राखी, सोताच पेटवलं ना?"

राखी नखशिखांत थरथरली. जमादाराने लिहिलं: मान हलवून होकार दिला.

भावसिंग धावलाच. "थांबा सायेब! हा होकार नोय. थे थरथरून राह्यली."

"जबाब घ्याले तू कारकून हायस का तहसीलदार?"

भावसिंगने खाटेजवळ गुडघे टेकले. तिचा हात हातात घेतला. बोटं तेवढी जळायची राहिली होती. नखांत ज्वारीचं पीठ वाळलेलं. त्याने तिच्या आणि आपल्या बंजारा बोलीत, गोरबोलीत, हळूच काही विचारलं. तिचे ओठ उघडले. मला तीनच शब्द कळले. बाटी, म्हणजे भाकर. पेट्रोल. भारत.

"भाकर थापत होती सायेब. मांगून भारतनं पेट्रोल ओतलं. लिहा!"

जमादाराचा पेन हलेना. मग भावसिंगनेच केसपेपर उलटा करून लिहायला घेतलं. भारतने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या डाव्या कानावर हाणला. दुसरा घाव जबड्यावर. दोन दात फरशीवर पडले. भावसिंग कागदावर पालथा पडला आणि पाठीवर मार घेत राहिला; कागद काही सोडला नाही. मी भारतच्या पायांना मिठी मारली. पांडुरंगा, धाव रे, एवढंच तोंडातून निघत होतं. डॉक्टर धावत आले, तेव्हा कुठे जमादाराने भारतला खाली पाडलं.

भावसिंग रक्त पुसत उठला. डॉक्टरांसमोर त्याने राखीला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. डॉक्टरांनी सही केली. जमादाराने आपला होकार खोडला.

दुपारी राखी गेली.

रजिस्टरात भावसिंगने तो इंग्रजी शब्द उतरवलाच नाही. मराठीत लिहिलं: जाळली. कोर्टात तो रक्ताचा कागद टिकला. भारतला जन्मठेप झाली.

भावसिंगचा डावा कान मात्र कायमचा गेला, आता उजव्यालाही कमीच ऐकू येतं. कीर्तनात तो उजवा कान बुवांकडे करून बसतो. नामाचा गजर संपला तरी त्याला कळत नाही, एकटाच टाळ्या वाजवत राहतो. आम्ही कोणी त्याला थांबवत नाही.

तुम्ही, मायबाप, एवढंच करा. भाकर थापून झाली आणि नखांत पीठ राहिलं, तर हात धुवायच्या आधी राखीची आठवण काढा.